इंजिन मध्येच का बंद पडते?

गहू फुलोऱ्यात असताना विहिरीवरील डिझेल इंजिन वारंवार बंद पडू लागले, की शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. अशा वेळी इंजिन खोलण्याची घाई करू नये. प्रथम टाकीचे झाकण सैल करून इंजिन चालवावे. ते अखंड चालल्यास झाकणाचे छिद्र बुजले आहे असे समजावे. हवा आत न शिरल्याने डिझेल खाली उतरेनासे होते. बारीक तारेने छिद्र मोकळे करावे. दोष कायम राहिल्यास इंजिन थंड झाल्यावर टाकीच्या तळाचे पाणी व गाळ काढावा, फिल्टर तपासावा. नंतर फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे व स्क्रू घट्ट आवळावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे शेतावर प्रत्यक्ष करून दाखवावे. तारेच्या तुकड्याने होणाऱ्या कामासाठी पाण्याची पाळी चुकू नये.