स्वहस्तें बांधलेला गोठा

निवृत्त होऊन गांवीं परतलेल्या पुष्कळ गृहस्थांस एखादी गाय बाळगावीशी वाटते, आणि गाय म्हटली कीं गोठा आलाच. तो कंत्राटानें बांधवून मोकळें होण्याचा मार्ग आहेच; परंतु ज्याची हयात लेखणीवर गेली, त्यानें हें काम स्वतःच्या हातीं घेतल्यास त्यास निराळेंच शिक्षण घडतें.

वसई तालुक्यांतील उमेळ्यासारख्या गांवीं हें शिक्षण जरा कडकच आहे. जवळ खाडी व मिठागरें, जमीन सखल, हवा खारी, आणि पावसाळ्यांत सुमारें २००० मिलिमीटर पाऊस. पूर्वी या भागांत वाड्यांना रहाटानें पाणी मिळे व रहाट ओढणाऱ्या जनावरांसाठीं गोठे असत. पंप आले, जनावरें गेलीं, आणि गोठ्यांत सरपण भरलें. अशा पडक्या गोठ्याचें जुनें लाकूड मिळाल्यास तें अवश्य घ्यावें. मात्र वाळवीनें पोखरलें नाहीं ना, हें ठोकून पाहावें.

येथें बांधणारानें छपराआधीं जमिनीचा विचार करावा. पावसाळ्यांत पाणी कोठवर चढतें हें पाहून जोतें त्याहून हातभर उंच घ्यावें. भराव एकदम टाकूं नये. वीतभर थर, त्यावर पाणी, मग चोपणें, असा क्रम ठेवावा. आंखणी करतांना शाळेंत पाठ केलेला पायथॅगोरसचा सिद्धांत दोरीच्या रूपानें भेटतो: एका बाजूस ३ हात, दुसऱ्या बाजूस ४ हात, आणि कर्ण नेमका ५ हात आला कीं कोपरा काटकोनांत आहे.

गायीस उभें राहण्यास सुमारें साडेपांच फूट लांब व चार फूट रुंद जागा पुरते. तिच्यापुढें गव्हाण, मागें मूत्राची नाली. नालीकडे तळास ४० फुटांस १ फूट इतका उतार असावा. तो कमी झाला तर तळ ओला राहून खूर कुजतात. फार झाला तर गाभण गायीस त्रास होतो. सिमेंट गुळगुळीत घोटणें हा शहरी शौक येथें घातक आहे. जनावर घसरून पडतें. ओल्या सिमेंटवरच चर ओढून ठेवावेत.

लांकडी खांब मातीत पुरूं नयेत. दगडी तळखड्यावर उभे करावेत. खांब सरळ आहे कीं नाहीं, हें ओळंबा सांगतो, आणि ओळंबा कोणाची पूर्वीची अधिकाराची जागा विचारीत नाहीं. छपरास लोखंडी पत्रा स्वस्त पडतो, पण खारी हवा त्यास खाते आणि वैशाखांत त्याखालीं जनावर भाजून निघतें. मंगळुरी कौलें, ज्यांचा पहिला कारखाना १८६५ सालीं मंगळूरास निघाला, येथें अधिक बरीं. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूची वळचण अधिक पुढें काढावी. खिळे जस्ताच्या मुलाम्याचेच वापरावेत.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगण्यासारखी आहे: साठी उलटलेल्या मनुष्यानें आढ्यावर चढूं नये. वासे, रिपा व कौलें सुताराकडे सोंपवावीं आणि आपण खालून कौलें पुरवावीं. त्यांत कमीपणा नाहीं. दिवाळीनंतर आरंभ केल्यास सकाळचे दोनतीन तास काम करूनहि मे अखेर छप्पर पुरें होतें, आणि तें व्हावेंच लागतें, कारण जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मोसमी पाऊस येऊन ठेपतो. पहिल्या सरींत एकदोन ठिकाणीं गळतेंच. तेथील कौलें आंतून खडूनें खुणावून ठेवावींत व उघडीप पडतांच बदलून घ्यावींत.