दोष सुरीचा की दगडाचा?

गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आमच्या घरी भोपळ्याच्या घारग्यांचा बेत होता. कॉलेजातून चार दिवसांसाठी घरी आलेल्या लेकीने "आज भोपळा मी चिरणार" असं जाहीर केलं आणि पाचच मिनिटांत तिच्या डाव्या हाताच्या बोटाला जबर कापलं. घारगे राहिले बाजूला आणि आमची वरात निघाली अर्जंट केअरकडे. तीन टाके पडले. परत येताना गाडीत आम्ही दोघांनीही जी मुक्ताफळं उधळली, ती आपल्याही घरी परिचयाची असतील. "तुला सुरी धरताच येत नाही", "लक्ष कुठे होतं?", "तुझ्या वयात आम्ही विळीवर दोन किलो भाजी..." वगैरे वगैरे. लेक बिचारी खिडकीबाहेर बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी तीच सुरी आम्ही टोमॅटोवर चालवून पाहिली. टोमॅटो चेपला, सालीवरून सुरी सटकली आणि आमचे चेहरे उतरले. धारदार सुरी नुसती ओढली तरी आत जाते. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेली सुरी एकदा सटकली की कुठे जाऊन थांबेल याचा नेम नसतो. म्हणजे पोरीची चूक नव्हतीच. पण मग चूक कोणाची? कारण आदल्याच रविवारी आम्ही त्या सुरीला चांगला अर्धा तास घासून धार लावली होती!

पहिला संशय सुरीवर गेला, दुसरा आमच्या हातांवर. दगडाचा संशय आला नाही. येणार कसा? तो दगड नाशिकच्या बाबांचा होता. आमच्या दुसऱ्या भारतवारीत त्यांनी स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत ठेवलेला. बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांच्या हातच्या दगडात खोट असेल हे मनातसुद्धा आलं नाही.

दगड झिजतो कसा?

आपल्या देवघरातली सहाण आठवून पाहा. वर्षानुवर्षं गंध उगाळून ती मधोमध खोलगट होते. धार लावायच्या दगडाचं अगदी तसंच आहे. आपला हात नकळत मधल्या भागातच जास्त फिरतो, कडा आणि कोपरे अस्पर्श राहतात. दगड पोलाद खातो, पण पोलादही थोडा थोडा दगड खातंच.

हा दगड बहुधा कार्बोरंडमचा असतो, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अॅचिसन यांनी तो विजेच्या भट्टीत प्रथम तयार केला. कार्बन आणि कोरंडम यांचा हा संयोग असावा अशी त्यांची समजूत होती, म्हणून हे जोडनाव. त्यातला कोरंडम हा शब्द मूळचा तमिळ 'कुरुंदम्', म्हणजेच आपला कुरुंदाचा दगड. नाव भारतातून परदेशी गेलं आणि नवं आडनाव लावून आलं. आपल्यापैकी अनेकांना ही कथा ओळखीची वाटेल! असो. या पदार्थाचे कण कठीणपणात हिऱ्याच्या बरेच जवळ जातात. परंतु त्यांना एकत्र धरून ठेवणारा बंध तितका पक्का नसतो. कण सुटत जातात आणि दगड झिजतो.

आता प्रश्न असा की, याच दगडावर बाबांनी इतकी वर्षं धार लावली, तेव्हा काही बिघडलं नाही ते कसं? याचं उत्तर आम्हाला विळीत सापडलं. विळी पाटाला घट्ट बसवलेली असते. तिला धार लावताना विळी स्थिर राहते आणि दगड हातात धरून पात्यावरून फिरवावा लागतो. दगडाचा जेवढा भाग पात्याला टेकेल तेवढ्याच भागाने काम होतं, बाकीचा सपाट आहे की खोलगट याने फारसा फरक पडत नाही. इथे मात्र आम्ही दगड ओट्यावर ठेवून त्यावर लांब, सरळ पात्याची सुरी फिरवत होतो. दगड रुंदीत खोलगट असला की असं पातं दोन कडांवर पुलासारखं टेकतं आणि मधल्या धारेला दगड लागतच नाही. लांबीत खोलगट असला तर सुरी पुढे सरकताना दगडाचा उतार बदलतो, आणि त्याबरोबर सुरीचा कोनही. पाश्चात्त्य पद्धतीच्या सुऱ्यांना प्रत्येक बाजूने साधारण २० अंशांचा आणि जपानी सुऱ्यांना १५ अंशांचा कोन देतात. तो क्षणोक्षणी बदलत गेला तर धार टोकदार न होता गोलसर होते. मग अर्धा तास घासा नाही तर दोन तास!

तपासायचा कसा?

यासाठी कुठलंही महागडं उपकरण लागत नाही. पोलादाची एक सरळ फूटपट्टी पुरते. दगड स्वच्छ पुसून डोळ्यांसमोर धरावा, पट्टी तिच्या कडेवर उभी ठेवावी आणि मागून खिडकीचा उजेड घ्यावा. पट्टीखालून उजेड दिसला की तिथे खड्डा आहे. लांबीत पाहावं, रुंदीत पाहावं, आणि दोन्ही कर्णांवरही जरूर पाहावं. एकच कर्ण पोकळ दिसला तर दगड पिळवटल्यासारखा झिजला आहे असं समजावं.

खड्डा किती खोल आहे हे मोजायलाही सोपी युक्ती आहे. प्रिंटरचा साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. पट्टीखाली एक कागद सहज सरकला, तर दगड सपाट करायची वेळ झाली. आमच्या दगडाच्या मध्यावर आम्ही एकावर एक कागद सारत गेलो, ते चक्क दहा गेले. म्हणजे १ मिलिमीटरचा खड्डा! लेक हाताला बँडेज बांधून समोरच उभी होती. ती काही बोलली नाही. नुसती हसली. आम्ही मात्र रीतसर तिची माफी मागितली.

पण घासायचा का?

उपाय उघड होता, पण हात धजेना. तो खोलगटपणा बाबांच्या हातांचा होता. इतक्या वर्षांत त्यांच्या बोटांनी जी वाट पाडली, ती तासाभरात पुसून टाकायची? नवा दगड काही फार महाग नसतो. हा कपाटात ठेवून द्यावा, असं आमच्यापैकी एकाचं मत पडलं. दुसऱ्याचं म्हणणं, कपाटात ठेवायला तो काय देव आहे?

शेवटी नाशिकला आईंना फोन लावला. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी नातीच्या बोटाची चौकशी केली. मग म्हणाल्या, "अरे, दारावर टाकीवाली यायची ती आठवते ना? पाटा गुळगुळीत झाला की तिच्याकडून टाके घालून घ्यायचे. त्याने काय पाटा परका झाला? दगड कामाचा आहे, त्याच्याकडून काम घ्या. यांना आवडलं नसतं हो, वस्तू नुसती ठेवून दिलेली."

झालं. प्रश्न मिटला.

सपाट कसा करायचा?

आधी दगड साफ करावा लागला. बाबा खोबरेल वापरत. खाद्यतेलं कालांतराने चिकट होतात आणि दगडाची भोकं बुजवतात. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना ब्रश घेऊन आम्ही दोनदा घासला तेव्हा कुठे त्याचा मूळ करडा रंग दिसला.

मग हवा एक सपाट पृष्ठभाग. फ्लोट काच यासाठी उत्तम. वितळलेली काच वितळलेल्या कथलावर तरंगवून ती तयार करतात, त्यामुळे ती मुळातच सपाट निघते. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली ही पद्धत जाहीर केली. काच जाड घ्यावी, कडा गुळगुळीत केलेली घ्यावी आणि खाली सपाट टेबल असावं, नाहीतर ती वाकते. काच नसेल तर ग्रॅनाइटचा उरलेला तुकडाही चालतो.

काचेवर पाणी शिंपडून त्यावर काळा, पाण्यात चालणारा सँडपेपर अंथरावा. ८० नंबरपासून सुरुवात करून मग १२० आणि शेवटी दगडाच्या बारीक बाजूसाठी २२० घ्यावा. दगडावर पेन्सिलीने उभ्याआडव्या रेघांची जाळी काढावी. हे काम आमच्या लेकीने उजव्या हाताने, अगदी मन लावून केलं. दगड कागदावर पालथा ठेवून मराठी चाराच्या आकारात फिरवायचा. दर वीस-पंचवीस फेऱ्यांनी त्याची टोकं उलटसुलट करायची, कारण आपल्या हाताचा दाब दोन्हीकडे सारखा नसतो. पेन्सिल आधी कडांवरून पुसली जाते, मधे शिल्लक राहते, आणि तोच आपला खड्डा. मधली रेघ पूर्ण गेली की दगड सपाट झाला. खात्रीसाठी पुन्हा एकदा जाळी काढून चार फेऱ्या माराव्यात. सगळीकडून सारखी पुसली गेली पाहिजे.

आम्हाला दीड तास आणि सहा कागद लागले. सर्व काम ओलंच करावं, कारण कोरडी धूळ छातीत जाणं चांगलं नाही. निघालेला चिखल सिंकमध्ये न ओतता कागदाने पुसून कचऱ्यात टाकावा. शेवटी दगडाच्या धारदार झालेल्या कडा हलक्या मोडाव्यात आणि दगड खळखळून धुवावा, म्हणजे कागदाचे जाडे कण मागे राहून सुरीला ओरखडे पाडत नाहीत.

काच नसेल पण मित्र असतील, तर आणखी एक जुनी युक्ती आहे. साधारण एकाच जातीचे तीन दगड जमवावेत. दोनच दगड एकमेकांवर घासले तर एक खोलगट आणि दुसरा फुगीर होऊन दोघं छान जुळतात आणि आपली फसगत होते. तिसरा आला की हे सोंग चालत नाही. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-पहिला असे आलटून पालटून घासले तर तिन्ही सपाट होतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगोच्या सभेत लोखंडी पृष्ठभागांसाठी मांडलेलं तत्त्व हेच.

ज्यांच्याकडे पाण्यावरचे जपानी दगड आहेत, त्यांनी तर फारच सावध असावं. ते लवकर धार देतात, पण झिजतातही लवकर. त्यांना मोठा खड्डा पडायची वाट न पाहता वरचेवर दोन-चार मिनिटं सपाट करत राहावं. त्यांच्यावर तेल मात्र चुकूनही घालू नये.

नाताळच्या सुट्टीत लेक पुन्हा घरी आली. बोट भरलं होतं, नुसता पांढरा व्रण राहिला होता. तिने आजोबांच्या दगडावर सुरीला धार लावली आणि टोमॅटोची चकती अशी कापली की तिच्यातून पलीकडचा ताटावरचा नक्षीचा काठ दिसत होता. राहिलेले घारगेही झाले.

तेव्हा मंडळी, घरात कोणाचं बोट कापलं तर आधी त्याला रागावू नका. फूटपट्टी आणा. आणि तुमच्याकडे याहून सोपी काही युक्ती असेल, तर पुढच्या अंकासाठी अवश्य लिहून पाठवा.