जुना छंद, नवी गाडी : काय बदलता येते, काय नाही?

१९८४ साली जपानच्या तामिया कंपनीने ‘ग्रासहॉपर’ नावाची दूरनियंत्रित गाडी बाजारात आणली. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची ही छोटी बग्गी सुट्या भागांच्या संचाच्या रूपात मिळे. ती आपल्या हातांनी जोडायची आणि मग माती, गवत, खाचखळगे यांतून पळवायची. त्याच वर्षी तिची जुळी बहीण शोभेल अशी ‘हॉर्नेट’ही आली. तेव्हा शाळेत असलेली मुले आज पन्नाशीच्या आसपास आहेत, आणि त्यांतले अनेक जण या छंदाकडे परत वळत आहेत. २००५ साली कंपनीने ग्रासहॉपर पुन्हा बाजारात आणली ती अशाच ग्राहकांसाठी.

परतलेल्या छंदिष्टाचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो : ‘आज साधी घेईन, पण पुढे सुधारता येईल, अशी कोणती गाडी घेऊ?’ प्रश्न खेळण्याचा असला तरी त्याचे उत्तर शोधताना शाळेतले बरेचसे पदार्थविज्ञान हाताशी घ्यावे लागते.

मापे जुळली तरच सुधारणा

गाडीचे भाग दोन प्रकारचे असतात. काही भाग स्क्रू काढून बदलता येतात, तर काही गोष्टी गाडीच्या मूळ रचनेतच ठरलेल्या असतात.

बदलता येणाऱ्या भागांचे रहस्य त्यांच्या ठरावीक मापांत आहे. ‘५४०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटरचा व्यास सुमारे ३६ मिलिमीटर, बसवण्याच्या दोन भोकांमधले अंतर २५ मिलिमीटर आणि दांड्याची जाडी ३.१७ मिलिमीटर असते. ही मापे पाळणारी कोणत्याही कंपनीची मोटर त्या जागी बसते. चाके फिरवणारा सर्व्हो, चाकामागचा १२ मिलिमीटरचा षट्कोन, ११ मिलिमीटर बाह्य व ५ मिलिमीटर आतील व्यासाचे बेअरिंग यांचेही तसेच. म्हणून गाडी घेताना पेटीवरच्या चित्राआधी ही मापे पाहावीत. जिचे सर्व भाग एकाच सीलबंद पट्टीवर असतात, किंवा जिची मापे फक्त त्याच कंपनीची असतात, ती गाडी कितीही वेगवान असली तरी सुधारता येत नाही. एक भाग बिघडला की ती सगळीच अडगळीत जाते.

ग्रासहॉपर आणि हॉर्नेट यांचा प्लॅस्टिकचा सांगाडा जवळजवळ एकच होता. मूळ ग्रासहॉपरमध्ये लहान ३८० मोटर होती, हॉर्नेटमध्ये ५४०. पुष्कळ मुलांनी मोटर बदलून पहिलीला दुसरीच्या जवळ आणले. सुधारणेचा हा साधा आणि चांगला नमुना होय.

जे बदलत नाही

पण याच दोन गाड्यांत एक गोष्ट कोणालाही सहज बदलता आली नाही. त्यांच्या मागच्या बाजूस मोटर, दंतचक्रांची पेटी आणि आस हे सर्व एकत्र जोडलेले असून तो सगळा गठ्ठा स्प्रिंगांवर वरखाली हलतो. चाक दगडावर चढले की चाकाबरोबर हे सारे वजन उचलले जाते. वस्तुमान जास्त म्हणजे जडत्व जास्त. त्यामुळे दगड ओलांडल्यावर चाक जमिनीला लगेच परत टेकत नाही, गाडी टणाटण उड्या मारते. हवेत असलेले चाक गाडीला पुढे ढकलू शकत नाही आणि वळवूही शकत नाही.

आजच्या डीटी-०३ सारख्या बग्गीत मोटर आणि दंतचक्रे सांगाड्यावर स्थिर असतात व चारही चाके स्वतंत्रपणे हलतात. खड्ड्यात फक्त चाक आणि त्याचा हात एवढेच हलके वजन वरखाली होते. टीटी-०२बी मध्ये याशिवाय दांड्याच्या साहाय्याने चारही चाकांना शक्ती मिळते. ग्रासहॉपरला महागडी मोटर आणि तेलाचे डॅम्पर लावले तरी तिची ही मूळ रचना तशीच राहते. म्हणून नियम असा : गाडी निवडताना न बदलणाऱ्या गोष्टी पाहाव्यात, म्हणजे चाकांची टांगणी, शक्ती किती चाकांना मिळते ते, आणि दंतचक्रांच्या पेटीची मजबुती. मोटर, बॅटरी, बेअरिंग पुढे सवडीने बदलता येतात.

वेगाचा हिशेब

आता मोटर बदलण्याचा परिणाम पाहू. समजा, साधी मोटर मिनिटाला १५,००० फेरे घेते, मोटरच्या ९ फेऱ्यांत चाकाचा १ फेरा होतो आणि चाकाचा व्यास ८५ मिलिमीटर आहे. चाकाचा परीघ ०.२६७ मीटर, म्हणून वेग ताशी सुमारे २७ किलोमीटर येतो. त्या जागी ‘३३०० केव्ही’ अशी खूण असलेली ब्रशविरहित मोटर लावली तर ती दर व्होल्टला ३,३०० फेरे घेते. ७.४ व्होल्टला हे २४,४२० फेरे होतात आणि वेग ताशी ४३ किलोमीटरवर जातो. (जमिनीचे घर्षण आणि हवेचा विरोध यांमुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमी भरतील.)

वेग दीडपटीहून थोडा अधिक झाला. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दीड किलोग्रॅमच्या गाडीची ऊर्जा पहिल्या वेळी ४१ जूल, तर दुसऱ्या वेळी १०९ जूल भरते. पहिली गाडी भिंतीवर आदळणे म्हणजे ती २.८ मीटरवरून, जवळपास एका मजल्यावरून, खाली पडण्यासारखे आहे. दुसरी जणू साडेसात मीटरवरून पडते. चाकाचा प्लॅस्टिकचा हात, दंतचक्राचे दाते आणि समोर उभ्या असलेल्या मुलाची नडगी यांना हा फरक नीट कळतो! नवी मोटर बसवल्यावर लगेच गाडी मोडते ती म्हणूनच. दोष मोटरचा नसतो.

मोठी चाके किंवा मोटरवरचे मोठे दंतचक्र लावूनही वेग वाढतो. पण मग मोटरवर भार येतो आणि ती जास्त विद्युतप्रवाह ओढते. प्रवाह दुप्पट झाला की तारांतली उष्णता चौपट होते. एक फेरी मारून मोटरला बोट लावून पाहावे. बोट टिकत नसेल तर दंतचक्र एक-दोन दात्यांनी लहान करावे.

जुन्या सवयी, नवी बॅटरी

परतलेल्या छंदिष्टाने सर्वांत जास्त काळजी घ्यायची ती बॅटरीची. पूर्वी १.२ व्होल्टचे सहा निकेल-कॅडमियम घट जोडून ७.२ व्होल्ट मिळवत. ही बॅटरी गाडी थांबेपर्यंत वापरली तरी सहसा धोका नसे. आजच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीत ३.७ व्होल्टचे दोनच घट असतात. तिची ऊर्जा पुष्कळ अधिक, वजन कमी, पण प्रत्येक घटाचा दाब ३ व्होल्टच्या खाली गेला तर तो कायमचा बिघडतो. नव्या वेगनियंत्रकांत त्याआधीच मोटर बंद करण्याची सोय असते, जुन्या नियंत्रकांत नसते. माळ्यावर सापडलेल्या जुन्या गाडीला लिथियम बॅटरी जोडण्याआधी हे तपासलेच पाहिजे.

चार्जरचेही तसेच. निकेलचा घट पूर्ण भरला की त्याचा विद्युतदाब किंचित उतरतो, आणि चार्जर ती खूण ओळखून थांबतो. लिथियमचा घट अशी खूण देत नाही. त्याचा दाब ४.२ व्होल्टवर रोखून धरावा लागतो. निकेलच्या चार्जरला लिथियम बॅटरी लावली तर तो खुणेची वाट पाहत विद्युतभार ओततच राहतो, घट फुगतो आणि पेट घेऊ शकतो. म्हणून चार्जर लिथियमसाठीच बनवलेला असावा, बॅटरी न जळणाऱ्या पृष्ठभागावर ठेवावी आणि ती भरत असताना तेथून उठून जाऊ नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

रेडिओ मात्र सोपा झाला आहे. पूर्वी २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रत्येक गाडीला वेगळा स्फटिक लागे. दोघांचे स्फटिक सारखे निघाले तर एकाच्या कळीने दुसऱ्याची गाडी पळे. आजचे २.४ गिगाहर्ट्झचे संच आपापली जोडी ओळखतात. तरंगलांबी ११ मीटरवरून साडेबारा सेंटिमीटरवर आल्याने लांबलचक ॲंटेनाही गेला.

खर्चाचा क्रम असा ठेवावा : प्रथम चांगल्या रचनेची, सुटे भाग सहज मिळणारी गाडी साध्या ५४० मोटरसह घ्यावी. मग प्लॅस्टिकच्या बुशांऐवजी बेअरिंग, नंतर तेलाचे डॅम्पर, आणि मोटर सर्वांत शेवटी. शाळेत अशी एखादी गाडी असेल तर मुलांकडून दंतचक्रांचे दाते मोजून घ्यावेत, वेगाचे भाकीत करायला सांगावे आणि मैदानावर वीस मीटर अंतर आखून घड्याळ लावावे. भाकीत आणि मोजमाप यांत फरक पडेलच. तो का पडला, हे मुलांनाच शोधू द्यावे.