दशमांश: धाक कुणाला, हक्क कुणाचा?

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात बहुतेक घरांत पैसा महिन्याला येत नाही, हंगामाला येतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता, दिवाळीच्या आगेमागे धान; मधले महिने रोजीचे. अशा घरातली बाई ख्रिस्ती मंडळीत दशमांशावरचा उपदेश ऐकते, तेव्हा दहावा हिस्सा नेमका कशाचा काढायचा हेच तिला कळत नाही. आणि पुष्कळदा उत्तराऐवजी तिला धाक मिळतो.

दशमांश चुकला की शाप लागतो, हा सर्वांत खोल रुजलेला गैरसमज. त्यासाठी बायबलमधल्या मलाखीचा तिसरा अध्याय उघडला जातो. पण त्याच अध्यायाच्या पाचव्या वचनात देवाचा आरोप आहे तो मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर, विधवा-अनाथांना नाडणाऱ्यांवर आणि परक्याचा हक्क डावलणाऱ्यांवर. ते वचन क्वचितच वाचलं जातं. ज्या भांडारात दशमांश आणायचा, ते धान्याचं कोठार होतं. मंदिराची सेवा करणारे, जमिनीचा वाटा नसलेले लेवी त्यावर जगत. बायबलच्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 14वा अध्याय तर आणखी स्पष्ट आहे. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा, म्हणजे लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा पोटभर जेवतील. म्हणजे गरीब विधवा दशमांश घेणाऱ्यांच्या पंगतीत होती. तिलाच भीती घालून तिच्या तेंदूपत्त्याच्या मजुरीतून वसुली करणं हा शास्त्राचा उलटा अर्थ आहे.

मग नव्या करारात दशमांश रद्द झाला का? तेही घाईचं बोलणं आहे. पुदिना-जिऱ्याचाही दशमांश मोजून देणाऱ्या आणि न्याय-दया विसरणाऱ्या परूशांना येशूने खडसावलं, पण देणं थांबवा असं सांगितलं नाही. दुसरीकडे, परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर यरुशलेमच्या सभेने घातलेल्या मोजक्या अटींत दशमांश नाही. पौलाने करिंथकरांना आकडा दिलाच नाही. ज्याच्याजवळ जेवढं आहे त्या मानाने द्यावं आणि एकाच्या सुखासाठी दुसऱ्यावर ओझं पडू नये, एवढंच त्याने मांडलं. म्हणून माझं मत असं: कोळसा खाणीत, बल्लारपूरच्या कागद कारखान्यात किंवा शाळेत पक्क्या पगारावर असलेल्यांनी दहावा हिस्सा ही सुरुवात मानावी. रोजीवर जगणाऱ्याची मूठभर धानाची भेट तेवढीच पुरी आहे.

जास्त दिलं की दुप्पट मिळतं, हाही सौदा शास्त्रात नाही. दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेला पुढे धन लाभलं, असं मार्क कुठेही लिहीत नाही.

चर्चचा सगळा पैसा परदेशातून येतो, असं गावात बोललं जातं. चांद्याचं, म्हणजे चंद्रपूरचं, जुनं मिशन स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं होतं, हे खरं. पण 25 डिसेंबर 1905 रोजी सेरामपूरला स्थापन झालेल्या नॅशनल मिशनरी सोसायटीने भारतीय माणसं आणि भारतीय पैसा यांवरच काम करायचं ठरवलं. मिझोराममध्ये घरोघरी स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढण्याची रीत शंभराहून अधिक वर्षं चालत आली आहे.

दहावा हिस्सा आपल्या जंगलालाही परका नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावातल्या गोंड कुटुंबांनी मजुरीतला दहा टक्के वाटा ग्रामकोषात देण्याचं ठरवलं. तो निर्णय ग्रामसभेत सगळ्यांनी मिळून घेतला आणि तो पैसा गावाच्याच कामी येतो. मंडळ्यांनी यातून शिकावं.

पाळकांना विनंती आहे, की कुणी किती दिलं हे नावासकट वाचून दाखवू नका. आणि देणाऱ्यांनो, महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या सार्वजनिक न्यासाला, मग तो चर्चचा असो की मंदिराचा, 1950च्या विश्वस्त कायद्यानुसार हिशेब तपासून घ्यावेच लागतात. वार्षिक सभेत जमाखर्च मागा, आणि गरिबांवर किती खर्च झाला तो आकडा आधी विचारा.