दोन डोळे कोणाचे?

परीक्षा जवळ आल्या की मिरचीच्या बाजारामुळे नाव झालेल्या पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावातला विद्यार्थी असो की जालन्या-मुंबईतला, त्याच्यावर रोखलेल्या डोळ्यांची संख्या वाढते. कॉपीमुक्त अभियानाबरोबर बैठी पथके आली, भरारी पथके आली आणि त्यांच्या पाठोपाठ कॅमेरे आले. कार्यालयांतूनही कारकुनाची हजेरी बोटाच्या ठशावर लागू लागली आहे. गैरप्रकार थांबावेत याविषयी दुमत नाही. परंतु कॅमेऱ्यापुढे ज्याने नक्कल केली नाही, तो प्रामाणिक झाला की केवळ निरुपाय झाला, हा प्रश्न शिक्षकाला तरी टाळता येणार नाही.

हाच प्रश्न अँथनी बर्जेस यांनी 1962 साली ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या कादंबरीत अत्यंत क्रूर रूपात मांडला. 1971 मध्ये स्टॅन्ली कुब्रिक यांनी तिच्यावर चित्रपट काढला. त्यातील अ‍ॅलेक्स हा तरुण हिंसेतच रमणारा. सरकार त्याला सुधारण्यासाठी औषध टोचते, पापण्या ताणून धरते आणि हिंसेची दृश्ये पाहायला लावते. परिणामी हात उगारण्याचा नुसता विचार मनात आला, तरी त्याला मळमळू लागते. गुन्हा थांबतो, पण माणूस सुधारत नाही. त्याचे आवडते संगीतही त्याला असह्य होते, कारण यंत्राला चांगले आणि वाईट यांतला भेद कळत नाही.

या भयस्वप्नाचे उत्तर त्याच्याही आधी महाराष्ट्राच्या मातीत शोधले गेले होते. औंध संस्थानाने मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसवली. तिथे कैद्यांनी शेती करायची, कुटुंबासह राहायचे. याच प्रयोगावरून माणदेशच्या ग. दि. माडगूळकरांनी कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ पडद्यावर आणला. तुरुंगाधिकारी आदिनाथ खुनाची शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना उजाड माळावर नेतो. ते एकदा पळूनही जातात. पण आदिनाथचे डोळे त्यांच्या मनातून जात नाहीत आणि ते आपल्या पायांनी परत येतात.

या दोन चित्रपटांतले अंतर येथेच दिसते. अ‍ॅलेक्सला हिंसा करताच येत नाही. आदिनाथच्या कैद्यांना पळता येते, आणि तरीही ते परततात. पळण्याची वाट खुली होती, म्हणूनच परतण्याला नैतिक मोल आले. वाटच बंद केली, तर सद्गुण आणि साखळी यांत फरक उरत नाही.

यावर आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. मराठवाड्यात पैठणलाही खुले कारागृह आहे. पण अशा ठिकाणी वर्तणूक पाहून निवडलेलेच कैदी पाठविले जातात, आणि बंद तुरुंगात परत जाण्याचे भय त्यांच्या मनात असतेच. ज्याच्या घरातला माणूस मारला गेला, त्याला विश्वासाची ही भाषा महाग पडणारी वाटेल. आदिनाथचे डोळे तरी पहाऱ्याचेच नव्हेत काय, असेही कोणी विचारील. पहाऱ्याचे खरेच, पण ते अशा माणसाचे, ज्याने कैद्यांसोबत त्याच मातीत घाम गाळला आणि अखेर त्याच शेतासाठी प्राण दिला. कॅमेरा काहीही पणाला लावत नाही. म्हणूनच तो बंद पडला की त्याचा धाकही संपतो. त्या डोळ्यांचा धाक मात्र आदिनाथ नसतानाही उरतो, कारण तो तोवर धाक राहिलेला नसतो.

समाजाला पहारा अजिबात नको, असे म्हणण्याचा भाबडेपणा कोणी करू नये. बलदंडाच्या हिंसेपासून दुर्बलाला वाचविणे हे राज्याचे पहिले कर्तव्यच होय. मात्र हात रोखण्याचा अधिकार राज्याला दिला, म्हणजे मन घडविण्याचा मक्ता दिला असे होत नाही. ते काम घराचे आणि शाळेचे. पर्यवेक्षक क्षणभर वर्गाबाहेर गेला आणि कॅमेरा बंद असला, तरी एखादा मुलगा शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेकडे पाहत नाही. त्या मुलाची नोंद कोणत्याही अभियानाच्या अहवालात होत नाही. परंतु शिक्षणाचा खरा निकाल तोच असतो.