टीबी नाही, तरी गोळ्या का? मोबाइल ठेवतो डोसचा हिशेब

पेण : घरात एकाला फुप्फुसाचा टीबी निघाला की आरोग्य कर्मचारी इतरांचीही तपासणी करतात आणि धडधाकट माणसांनाही गोळ्या सुचवतात. ‘मला काही झालेलंच नाही, मग औषध कशाला?’ हा प्रश्न पेणच्या रामवाडीत काय किंवा मुंबईत काय, सारखाच येतो. त्यामुळे उपचार सुरू होण्यापेक्षा पूर्ण होणे अवघड ठरते.

गोळ्या कशासाठी?
टीबीचा जंतू शरीरात वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे पाव लोकसंख्येला हा संसर्ग झालेला आहे. त्यातील ५ ते १० टक्के लोकांना पुढे आजार होतो. रुग्णासोबत राहणाऱ्यांना धोका अधिक असतो. म्हणून २०२१च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी घरातील सर्व वयोगटांना प्रतिबंधात्मक उपचाराच्या कक्षेत आणले.

किती दिवस?
आयसोनियाझिड रोज, ६ महिने. किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटीन आठवड्यातून एकदा, एकूण १२ डोस. कोणते औषध द्यायचे, हे टीबी नसल्याची खात्री करून डॉक्टर ठरवतात.

मोबाइल काय करतो?
आठवड्याचा डोस विसरणे सोपे असते. तिथे मेसेज किंवा फोन आठवण देतो. ‘९९डॉट्स’ पद्धतीत गोळी काढली की पाकिटामागचा लपलेला नंबर दिसतो. त्यावर मिस्ड कॉल दिला की डोसची नोंद होते. साधा फोनही चालतो. २०१२ पासून सुरू असलेल्या ‘निक्षय’ पोर्टलवरील नोंद दुसऱ्या केंद्राकडे ऑनलाइन वर्ग करता येते. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या रायगडमधील कातकरी कुटुंबांसाठी ही सोय मोलाची आहे. मात्र निघण्यापूर्वी आशाताईंना कळवायला हवे.

मर्यादा कोणत्या?
मिस्ड कॉल आला म्हणजे गोळी पोटात गेलीच, असे नाही. घरात एकच फोन असेल तर टीबीचा मेसेज भलत्याच्या नजरेस पडू शकतो. रेंज नसेल तिथे घरभेटीला पर्याय नाही.

हे लक्षात ठेवा
• रिफापेंटीनमुळे लघवी नारिंगी होते. त्याने घाबरू नका.
• डोळे पिवळे झाले किंवा सतत उलट्या झाल्या, तर गोळ्या थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.
• खोकला, ताप, रात्री घाम किंवा वजन घटणे सुरू झाल्यास पुन्हा तपासणी करा.
• मोफत हेल्पलाइन : १८००-११-६६६६