न बांधलेले स्मारक

लंडन शहरी वेस्टमिन्स्टर ॲबे नावाचे एक प्राचीन प्रार्थनामंदिर आहे. थोर शास्त्रज्ञ न्यूटन १७२७ साली निवर्तला, तेव्हा त्यास तेथेच मूठमाती देण्यात आली. आणि १७३१ साली त्या ठिकाणी त्याचे संगमरवरी स्मारक उभे राहिले. ग्रंथांच्या चळतीवर कोपर टेकून न्यूटन पहुडलेला आहे. त्याच्या मागे, वरच्या अंगास, खगोलाचा मोठा गोल असून त्यावर खगोलविद्येची मूर्ती बसविली आहे. खाली काही बालके दुर्बीण, लोलक इत्यादी उपकरणे हाताळताना कोरलेली आहेत. स्मारक देखणे आहे, यात शंका नाही. परंतु ते एखाद्या चित्रलिपीसारखे वाचावे लागते. मूर्ती कोणाची, बालकांच्या हाती काय आहे, हे कोणी समजावून सांगितले, तरच त्याचा अर्थ उलगडतो.

यानंतर अर्ध्या शतकाने फ्रान्समधील एका वास्तुशिल्पीने न्यूटनसाठी दुसरे स्मारक कल्पिले. त्यात न्यूटनची मूर्ती नव्हती, ग्रंथ नव्हते, आणि ज्याच्यावाचून न्यूटनची गोष्ट कोणी सांगतच नाही ते सफरचंदही नव्हते. त्या वास्तुशिल्पीचे नाव एत्येन-लुई बुले.

बुलेचा जन्म १७२८ साली पॅरिसमध्ये झाला. त्याला चित्रकार व्हावयाचे होते. पण त्याचे वडील स्वतः वास्तुशिल्पी होते व त्यांच्या इच्छेपुढे मुलाचे काही चालले नाही. पुढे त्याने पॅरिसमधील धनिकांसाठी काही वाडे बांधले. हातातील कुंचला मात्र त्याने कधी खाली ठेवला नाही. पन्नाशी उलटल्यावर तो ग्रंथालये, संग्रहालये, समाधिस्थाने अशा भव्य वास्तूंची चित्रे रंगवू लागला. त्यांतील बहुतेक आपल्या हयातीत बांधल्या जाणार नाहीत, हे त्यास ठाऊक असलेच पाहिजे. वास्तूने ऊन-पावसापासून निवारा द्यावा एवढेच पुरे नाही. काव्याप्रमाणे तिने पाहणाऱ्याच्या मनाशी बोलावे, असे त्याचे मत होते.

१७८४ साली त्याने न्यूटनच्या स्मारकाचा आराखडा काढला. न्यूटनचा विचार दगडात कसा सांगावा? झाडावरून फळ ज्या आकर्षणाने खाली येते, त्याच आकर्षणाने चंद्र पृथ्वीभोवती फिरत राहतो, हे न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात गणिताने दाखवून दिले होते. पृथ्वीचा आकार कसा असावा, हेही त्याने त्याच ग्रंथात सांगितले होते. बुलेने ठरविले की, ज्याने पृथ्वीचा आकार सांगितला त्याची समाधी पृथ्वीच्याच आकारात असावी. जणू त्याला त्याच्या शोधातच लपेटून ठेवावे. म्हणून त्याने एक प्रचंड पोकळ गोल रेखाटला. त्याचा व्यास सुमारे १५० मीटर! ईजिप्तमधील सर्वांत मोठा पिरॅमिड मुळात सुमारे १४६ मीटर उंच होता. बुलेचा गोल त्याहूनही वर जातो. गोलाचा खालचा भाग वर्तुळाकार चौथऱ्यांत बसविलेला असून त्या चौथऱ्यांवर सायप्रस वृक्षांच्या रांगा आहेत. युरोपात हे वृक्ष शोकाचे चिन्ह मानले जातात.

बाहेरून दिसते ते एवढेच. खरी करामत आत आहे. पायथ्याशी एक लहानसे दार, मग लांबच लांब अंधारी वाट. त्या वाटेने चालत जाणारा मनुष्य अखेर गोलाच्या अगदी तळाशी येऊन पोहोचतो, आणि त्याच्या डोक्यावर एकाएकी चांदण्यांनी भरलेले आकाश उघडते. बाहेर तर भर दुपार असते! बुलेने गोलाच्या कवचाला जागोजागी छिद्रे योजिली होती. बाहेरचा सूर्यप्रकाश त्यांतून बिंदुबिंदूंनी आत येतो व काळोखात प्रत्येक छिद्र ताऱ्यासारखे चमकते. रात्री याच्या नेमके उलट घडते. बाहेर अंधार पडला की, गोलाच्या मध्यभागी ग्रहांच्या कक्षा दाखविणाऱ्या कड्यांत टांगलेला एक मोठा दीप आत दिवसासारखा उजेड करतो. दिवसा रात्र आणि रात्री दिवस!

आत ना खांब, ना भिंत, ना कोपरा. दृष्टी अडेल अशी एकच वस्तू तेथे आहे; ती म्हणजे एक समाधी, आणि तीही रिकामी, कारण न्यूटनचा देह लंडनलाच आहे. पाहणारा ताऱ्यांकडे जाऊ म्हणेल, तर पायाखालची वक्र भूमी वर वर चढत जाते व त्याला पुन्हा तळाशी, समाधीपाशी आणून सोडते. गुरुत्वाकर्षण म्हणजे काय, हे येथे कोणी सांगत नाही. ते पायांना कळते.

हे बांधणे त्या काळी शक्य नव्हते. प्राचीन रोमकरांच्या पँथिऑन मंदिराचा सुप्रसिद्ध घुमट सुमारे ४३ मीटर व्यासाचा आहे. बुलेचा गोल त्याच्या जवळजवळ साडेतीनपट होता. एवढे दगडी कवच स्वतःच्याच भाराने फाकले असते. लोखंडाची विद्या तर बाल्यावस्थेत होती. इंग्लंडात १७७९ साली उभारलेल्या पहिल्या मोठ्या ओतीव लोखंडी पुलाचा गाळा केवळ ३० मीटरांचा होता.

या आराखड्यात एक गमतीची विसंगतीही आहे. न्यूटनने पृथ्वी अगदी वाटोळी नसून ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, असे सांगितले होते. बुलेने मात्र निर्दोष गोल काढला! तथापि त्यास फार दोष देता येणार नाही. न्यूटनच्या हिशेबाने हा चपटेपणा सुमारे २३० भागांत एक भाग भरतो. त्या मानाने १५० मीटरांच्या गोलाची उंची सुमारे ६५ सेंटिमीटरच कमी झाली असती, आणि डोळ्यांना तो फरक मुळीच दिसला नसता.

१७९९ साली बुले वारला. आपली चित्रे व लिखाण त्याने राष्ट्राला अर्पण केले. त्याचा वास्तुकलेवरील निबंध छापून प्रसिद्ध व्हावयास १९५३ साल उजाडावे लागले. दरम्यान, १९१३ साली अमेरिकेतील शिकागो शहरी पत्र्याचा एक पोकळ गोल तयार झाला. त्याचा व्यास सुमारे साडेचार मीटर. त्याला ६९२ छिद्रे पाडलेली असून आत बसणाऱ्यास त्या छिद्रांतून येणारा उजेड ताऱ्यांसारखा दिसतो. युक्ती तीच, आकार मात्र खोलीएवढा. आता संगणकाच्या साहाय्याने बुलेच्या स्मारकाच्या प्रतिकृती रचल्या गेल्या आहेत. पडद्यावर त्या अंधाऱ्या वाटेने चालत जाऊन समाधीपाशी उभे राहता येते. मात्र वक्र भूमीची ओढ पडद्यावर पायांना जाणवत नाही.

मूळ चित्रे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. काळ्या शाईच्या फिक्या-गडद छटांनी ती रंगविली आहेत. नीट न्याहाळल्यास त्या अवाढव्य गोलाच्या पायथ्याशी काही बारीक ठिपके दिसतात. ती माणसे आहेत.